कोत द्यु रोन तुरट लागली? आधी ताट वाढा

तुमचा प्रश्न असा: फ्रान्समधल्या ल्योंमध्ये नवीन आहात, कोत द्यु रोनची (रोन नदीच्या खोऱ्यातली) रेड वाइन आणली, चाखली तर तुरट आणि जळजळीत, गोडवा नावालाही नाही. बाटली खराब निघाली का? आणि शनिवारी फ्रेंच सहकारी जेवायला येतायत, तर तिच्यासोबत तांबडा रस्सा चालेल का?

वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येत नसेल, तर बाटली बहुधा ठणठणीत आहे. ही वाइन ड्राय आहे, म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबताना संपलेली, त्यामुळे गोडवा शोधूच नका. तुरटपणा सालींतल्या टॅनिनचा. लाळेतल्या प्रथिनांना ते धरतं आणि जीभ जांभळं खाल्ल्यासारखी कोरडी पडते. जळजळ अल्कोहोलची, त्यात तुम्ही जुलैच्या उकाड्यात ओट्यावर ठेवलेली बाटली उघडलीत! रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, पण ते टेंपरेचर जुन्या दगडी घरांचं समजा. फ्रीजमध्ये ठेवून गार करा, १६-१७ अंशांना प्या. तीच बाटली आहे यावर विश्वास बसणार नाही.

रोन खोऱ्याच्या दक्षिणेकडच्या या वाइनमध्ये सहसा तीन द्राक्षं भेटतात. ग्रनाश भरपूर पिकतं, म्हणून अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास आणि चव पिकलेल्या लाल फळांची. सिरा रंग देतं, आणि मिरीचा वास. हा वास कविकल्पना नाही. रोटंडोन नावाचा जो रेणू मिरीत असतो तोच सिरातही सापडतो. मूर्वेद्र उशिरा पिकतं, त्याला थोडा कातड्याचा, मांसाचा वास. (शेजारच्या शातोनफ द्यु पाप या महागड्या वाइनला तर तेरा जातींची मुभा आहे, पण ती बाटली पगारवाढ झाल्यावर.)

आता एक करून बघा. एक घोट नुसता घ्या. मग सोसिसोंची (वाळवलेल्या सॉसेजची) चकती किंवा कोंते चीजचा तुकडा नीट चावून खा, आणि पुन्हा घोट. तुरटपणा अर्ध्यावर येतो, फळ पुढे येतं. मीठ आणि चरबीचं हे काम. ही जेवणाची वाइन आहे, नुसती पिऊन तिला नापास करू नका.

तांबड्या रश्श्याचं म्हणाल, तर मी हात पोळून घेतलाय. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. माझे पाहुणे घाम पुसत पाणीच पीत होते आणि वाइन तशीच राहिली. बांगड्याचाही प्रयोग केला: तेलकट मासा आणि ही रेड, तोंडात गंजका खिळा.

त्यापेक्षा सुकं मटण करा. मेंढीचा खांदा, भाजलेलं खोबरं, भरपूर कांदा, मिरी, लवंग, दालचिनी. लाल तिखट रंगापुरतं, चिंच-कोकम अजिबात नाही. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सात याच वाइनसोबत दोब खातात, म्हणजे वाइनमध्ये तासन्तास मंद शिजवलेलं मांस. आपलं सुकं या दोबच्या नात्यातलंच. शाकाहारी कुणी असेल तर वांगी भाजून ऑलिव्ह तेल आणि थाइम घाला, किंवा कमी तिखटाची भरली वांगी. दाण्याचं कूट या वाइनशी छान जमतं.

उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस टिकते. आणि तांबडा रस्सा करायचाच असेल तर त्या दिवशी थंड बिअर आणा.