'उंदराचं औषध' म्हणजे उंदीर आजारी आहे का?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय की सासूबाई 'उंदराचं औषध आण' म्हणतात आणि मुलगा विचारतो, उंदराला काय झालंय? तर त्याला विष म्हणायला हवं का, आणि 'गुरांचं औषध' बरोबर की 'गुरांवरचं औषध'?

ताई, सासूबाईंचं काहीच चुकत नाहीये. आपल्या इंदूरच्या हिंदीतसुद्धा 'चूहे की दवा'च चालतं. डब्यावर मात्र ठळक 'विष' लिहाच, बोलण्यातली सवलत लिहिण्यात नको.

गंमत सगळी षष्ठीची आहे. पाणिनी 'षष्ठी शेषे' म्हणून मोकळा झाला, म्हणजे बाकी कुठे न बसलेली सगळी नाती षष्ठीत, आणि मराठीतला 'चा-ची-चे' तर काय वाट्टेल ते सांभाळून घेतो. तापाचं औषध घेतलं की ताप जातो, डोळ्याचं औषध घातलं तर डोळा जाऊ नये अशी अपेक्षा असते, बाळाचं औषध बाळ पितं आणि उंदराचं औषध उंदीर खातो नि मरतो. 'वर' त्यामानाने नेमका. खोकल्यावर, जंतांवर, डासांवर, म्हणजे जे घालवायचंय त्याच्यावर. म्हणून 'गुरांवरचं औषध' ऐकलं की गुरंच घालवायचीत की काय असं वाटतं, तिथे 'गुरांचं' नाहीतर सरळ 'गुरांसाठीचं' म्हणा.

आता ही सगळी नाती एकाच औषधात बघायची असतील तर वॉर्फरिनचं उदाहरण घ्या. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली, शिंग कापायच्या साध्या जखमेनेसुद्धा. आपल्याकडच्या सेंजीच्या कुळातला चारा ओला राहून बुरसटला की असं होतं, हे पशुवैद्यांनी हुडकलं. मग 1933 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन बर्फातून विद्यापीठात पोचला, कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. तिथे काही वर्षांनी त्या बुरसट चाऱ्यातलं, रक्त गोठू न देणारं डायकूमरॉल सापडलं, त्याचा भाऊबंद म्हणजे वॉर्फरिन, जे 1948 ला बाजारात आलं ते चक्क उंदराचं औषध म्हणून! आणि 1954 पासून तेच माणसाचं औषध. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांना डॉक्टर देतात ती 'रक्त पातळ करायची गोळी' (रक्त पातळबितळ काही होत नाही हो, गोठायला वेळ लागतो एवढंच) बऱ्याचदा हीच असते. उताराही सगळ्यांना एकच, व्हिटॅमिन के. कुत्र्याने या जातीचं उंदराचं औषध खाल्लं तर पशुवैद्य तेच देतो आणि गोळी जास्त झालेल्या पेशंटलाही तेच. रेणू एकच, षष्ठी बदलत गेली.

आयव्हरमेक्टिनचंही तसंच, 1981 मध्ये गुराघोड्यांच्या जंतांचं म्हणून आलं आणि 1987 पासून आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वावर (जंतांमुळेच होणाऱ्या 'रिव्हर ब्लाइंडनेस'वर) माणसांना फुकट वाटलं गेलं, 2015 चं वैद्यकशास्त्राचं अर्धं नोबेल त्याच्याच कुळाच्या शोधासाठी आहे. पण म्हणून घोड्याची पेस्ट माणसाने खायची नाही, डोस आणि सोबत मिसळलेलं बाकी सगळं वेगळं असतं, कोविडात लोकांनी असले उद्योग केलेत म्हणून सांगतोय.

उलटा प्रवास झाला तो डायक्लोफिनॅकचा. माणसांचं दुखण्याचं औषध गुरांना टोचायला लागले, ती मेलेली गुरं गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं अशी मेली की काही जाती औषधालासुद्धा दिसेनात. (हा 'औषधाला' चतुर्थीतला, चिमूटभरसुद्धा नाही अशा अर्थाचा.) कारण समजलं 2004 मध्ये, आणि 2006 साली भारतात गुरांसाठी ते बंद केलं. म्हणजे उंदराच्या न्यायाने ते गिधाडांचं औषध ठरलं म्हणायचं! आता त्याच्याऐवजी मेलॉक्सिकॅम द्या म्हणतात, ते गिधाडांना बाधत नाही, आणि तेही मुळात माणसांच्या सांधेदुखीचंच. इथली षष्ठी परत आजाराची.