स्कुआ की जायंट पेट्रेल? पहिल्यांदा अंटार्क्टिकाला जाताना

ड्रेक पॅसेजमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या समुद्रात, जहाजामागे मोठा तपकिरी पक्षी दिसला की लगेच स्कुआ म्हणून लिहून टाकू नकोस, बरेचदा तो जायंट पेट्रेल निघतो. आधी उडणं बघ. पेट्रेल पंख ताठ धरून लाटांवर तरंगत राहतो, पसारा जवळपास 2 मीटर, आणि चोचीवर जाड नळी असते. स्कुआ त्याच्यापेक्षा आटोपशीर, पंख जास्त मारतो आणि पंखांच्या टोकांकडे पांढरे पट्टे चमकतात, ते दिसले की विषय संपला.

पेट्रेल असेल तर फोकस चोचीच्या टोकावर ठेव, हिरवट असेल तर सदर्न, लालसर तपकिरी असेल तर नॉर्दर्न, जायंट पेट्रेलच्या या दोनच जाती. पूर्ण पांढरा दिसला तर सदर्नच, डोळे झाकून लिही.

खरी डोकेदुखी स्कुआंमध्ये आहे. ब्राउन स्कुआ अंगानं भारी, चोच जाड, साउथ पोलर स्कुआ जरा लहानखुरा, आणि फिकट रंगाचा असला तर डोकं-पोट मातकट राखाडी आणि पंख एकदम काळपट, पण अंटार्क्टिक द्वीपकल्पावर या दोघांचे संकर होतात त्यामुळे नुसतं 'स्कुआ' लिहायला अजिबात लाजू नको, भलेभले तेच करतात.

किनाऱ्यावर उतरलास की निदान 5 मीटर अंतर ठेवायचं. स्कुआ डोक्यावर झेपावायला लागला म्हणजे घरटं जवळ आहे, फोटोबिटो सोड आणि आलास तसा मागे फिर. पेट्रेलच्या घरट्याजवळ तर जाऊच नको, तो पोटातलं तेल थुंकतो आणि मग जॅकेटचा वास काही केल्या जात नाही.