नावेच्या तळफळीचे (आत पाय ठेवायच्या फळीचे) स्क्रू नुसते फिरतात, पकडत नाहीत. काडीपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून चालेल का?

नाही चालत. ज्यानं सांगितलं तो दाराच्या बिजागरीवर शिकलेला माणूस आहे. बिजागरीला चालते, माझ्या घरी दोन दारं तशीच उभी आहेत. पण साधा पांढरा फेविकॉल रोज ओला राहिला की दह्यासारखा होतो, आणि काडीपेटीची काडी म्हणजे आधीच पिचकं लाकूड.

आता एवढा राग काहून, तर सांगतो. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, मामा तलावाच्या पाळीवर (माजी मालगुजारी तलाव, बाहेरचे लोक विचारतात कोणाच्या मामाचा). बाबा वाढई (सुतार) होते. तळफळीचा स्क्रू सैल झाला की ते फळी काढायचे, खालच्या बत्त्यातलं (फळी ज्या आडव्या लाकडावर बसते त्यातलं) भोक गिरमिटानं मोठं करायचे आणि सागाची गुल्ली (छोटी खुंटी) घट्ट ठोकायचे. बाजारची गोल काडी नाही, हातानं तासलेली, रेषा आडव्या येतील अशी, कारण रेषेच्या लांबीत घुसलेला स्क्रू लवकर सुटतो. एका गुल्लीला अर्धा तास जायचा.

बाबा गेल्यावर आमचा डोंगा दुरुस्तीला निघाला तेव्हा मोठ्या काकांचा मुलगा नागपूरहून नवीन ड्रिल मशीन घेऊन आला होता. मी गुल्ल्या तासत बसलो तर म्हणे, "काहून बे, एका स्क्रूपायी दिवस घालवतं?" चौदा भोकं, काडीपेटीच्या काड्या, फेविकॉल, वरून मशीन फुल जोरात, संध्याकाळच्या आत काम खल्लास. मी गप्प राहिलो, दादा मोठा आहे. पंधराएक दिवसांनी तलावाच्या मधोमध काका जाळं ओढायला उभे राहिले आणि फळी एका बाजूनं उचलली, पाय दोन बत्त्यांच्या मधात, घोटा मुरगळला, टोपल्यातले रोहू-कटला परत पाण्यात. दादा आजही लग्नात भेटला की म्हणतो, काकाचं वजन जास्त होतं म्हणून. अरे, वजन तर आधीपण तेवढंच होतं ना!

तर तुम्ही काय करायचं. फळी काढून नाव सावलीत आठवडाभर सुकू द्या, ओल्या लाकडात काहीच धरत नाही. भोक ८-१० मिलिमीटरचं करून गुल्ली ठोका, चिकट म्हणून अराल्डाईट (दोन नळ्या मिसळून लावायचा इपॉक्सी). गुल्ली जमत नसेल तर अराल्डाईटमध्ये सागाचा बारीक भुसा कालवून भोक गच्च भरा. पाच मिनिटवालं घेऊ नका, साधंच घ्या आणि पूर्ण २४ तास हात लावू नका. मग ८ नंबरच्या स्क्रूला ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचा, पेचकसनं हातानंच आवळा. अर्धी भोकं मशीननं आवळूनच मरतात हे माझं ठाम मत आहे. (अराल्डाईट बाबांनी आयुष्यात वापरलं नाही, दादा हे वाचून म्हणेल शेवटी चिकटावरच आला ना. येऊ दे.)

हो, एक राहिलंच, हे आधी सांगायला पाहिजे होतं. भोकाच्या आजूबाजूला टोच्या घुसवून पाहा, सहज आत गेला तर लाकूडच सडलंय, मग बत्ता बदला, गुल्ली-बिल्ली काही कामाची नाही. आणि ड्रिलच्या पात्याला खोलीच्या मापानं टेप गुंडाळा, नाहीतर बत्त्यातून थेट तळ फोडाल. दादानं टेप गुंडाळली होती, तेवढं मानावं लागते.

तुमची नाव फायबरची असेल तर माहिती वेगळ्या माणसाला विचारा, आमच्याकडे सगळे लाकडाचेच डोंगे.