पोषणशास्त्र शिकावे, पण कोणते आणि कशासाठी?

बारावीच्या निकालानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पोषणशास्त्राच्या शिक्षणाविषयी पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले असून ‘नीट’मध्ये वैद्यकीय प्रवेशापुरते गुण मिळाले नाहीत. पोषणशास्त्र म्हणजे स्वयंपाक आणि आहाराचे तक्ते, असे घरचे म्हणतात. हे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, यावल तालुका)

उत्तर : आपल्या घरच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीपासूनच सुरुवात करू. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, उडदात ते भरपूर असते. उलट उडदात मेथिओनिन कमी पडते, ते ज्वारी भरून काढते. म्हणून ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली भाकरी नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा शरीराला अधिक उपयोगी प्रथिन देते. आपल्या आज्यांना हे अनुभवाने उमगले होते. ते का घडते आणि आजारी माणसाच्या बाबतीत त्यात कोणता बदल करावा लागतो, हे सांगण्यासाठी जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकावे लागते. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत याच विषयांचा भार सर्वाधिक असतो, आणि रसायनशास्त्राचा कंटाळा असलेल्या मुली नेमक्या तेथेच अडखळतात, असे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. प्रात्यक्षिकात स्वयंपाक असतो, पण तो वजनकाट्यावर मोजून आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 528 भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्य तक्त्यांशी ताडून. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून नव्हे, तर हा विषय आवडतो म्हणून येणार असाल, तर अवश्य या.

प्रश्न : मुलीला तीन महिन्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून आहारसल्ला केंद्र काढायचे आहे. पुढे दूरस्थ पद्धतीने एम.एस्सी. करता येईल का? (एक पालक, शिरपूर)

उत्तर : कृपया असे करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र आणि चिकित्सा आहारशास्त्र हे विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे. त्यामुळे दूरस्थ एम.एस्सी.चा मार्ग बंद आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचा समावेश संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांत केला असल्याने यापुढे मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी यांचे महत्त्व वाढतच जाणार आहे.

नियम बाजूला ठेवले तरी एक उदाहरण ध्यानात घ्यावे. रावेर-यावल भागात केळी घराघरांत खाल्ली जातात आणि निरोगी माणसाला ती उत्तमच आहेत. पण मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साचू लागलेले असेल, तर हेच फळ त्याच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकते. रक्ततपासणीचा अहवाल वाचता येत नसलेल्या व्यक्तीने ‘फळे भरपूर खा’ असा सल्ला दिला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. मुलीला रुग्णांनाच सल्ला द्यायचा असेल, तर पदवी, त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील प्रशिक्षण आणि भारतीय आहारशास्त्र संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ परीक्षा, हा लांबचा रस्ता धरावा.

प्रश्न : मी कला शाखेची आहे. मला प्रवेश मिळेल का? (एक विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : काही विद्यापीठांत गृहविज्ञानाच्या पदवीला इतर शाखांतूनही प्रवेश मिळतो. मात्र चिकित्सा आहारशास्त्रासाठी बारावीला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असणे बहुधा आवश्यक ठरते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

प्रश्न : पोषणशास्त्र आणि अन्न तंत्रज्ञान यांत नोकरी कशात अधिक आहे? (एक विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर : ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत. अन्न तंत्रज्ञ केळीची भुकटी कशी वाळवावी, ती किती महिने टिकेल, तिचे वेष्टन कसे असावे हे पाहतो. पोषणतज्ज्ञ ती कोणी, किती आणि का खावी हे सांगतो. यंत्रे आणि प्रक्रिया यांत मन रमत असेल, तर अन्न तंत्रज्ञान घ्यावे. पोषणशास्त्राच्या पदवीधरांना रुग्णालये, क्रीडासंस्था, खाद्यउद्योग, संशोधन आणि अध्यापन ही क्षेत्रे खुली आहेत. रुग्णालयातील सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही आधीच सांगितलेले बरे. अनुभव आणि पदव्युत्तर पदवी यांनंतर तो सुधारतो.

प्रश्न : मी पावरा समाजाची आहे. शिकून आमच्याच भागातील कुपोषित मुलांसाठी काम करायचे आहे. काय शिकावे आणि कोठे? (एक विद्यार्थिनी, धडगाव)

उत्तर : या पत्राने मला फार आनंद झाला. आपल्या भागात हे काम करणाऱ्या व्यक्तीला आईशी तिच्या भाषेत बोलता येणे ही अर्धी पात्रता आहे, आणि ती आपल्यापाशी जन्मापासून आहे. मूल काय खाते, असे मराठीतून विचारले की आई मान हलवते. पावरीतून विचारले की ती चुलीवर काय शिजते, शेतावर जाताना धाकट्याला कोण सांभाळते, हे सगळे सांगते, आणि उपचार त्या माहितीवरच उभा राहतो.

शिक्षणासाठी पोषणशास्त्राची पदवी घेऊन पुढे सार्वजनिक आरोग्य पोषण किंवा उपयोजित पोषण या विषयात एम.एस्सी. करावे. मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या विषयासाठी जुने आणि नावाजलेले आहे. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही तसेच असून नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने तेथे पोहोचता येते. राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणाची एम.एस्सी. आहे, तिला प्रवेशपरीक्षा असते. अनुसूचित जमातीची शिष्यवृत्ती आणि शासकीय वसतिगृह यांसाठी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आतापासूनच तयार ठेवावेत, कारण कागदांअभावी वर्ष गमावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

शिकताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषित मानले जाते. पण अशा गंभीर आजारी मुलाला पहिल्याच दिवशी पोटभर जेवू घालणे घातक ठरू शकते. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात आधी 100 मिलिलिटरमागे 75 किलोकॅलरी देणारे दूधमिश्रण थोडेथोडे देतात आणि मूल सावरल्यावरच 100 किलोकॅलरीच्या मिश्रणाकडे वळतात. दुसरी गोष्ट सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यामुळे फॉलिक आम्लाची गरज वाढते. मात्र रक्तक्षय दिसला की लोहाच्या गोळ्या द्यायच्या, ही सवय येथे चालत नाही, कारण वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते.

नोकरीसाठी पोषण पुनर्वसन केंद्रातील आहारतज्ज्ञाचे पद, एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील पर्यवेक्षिकेचे पद आणि लोकसेवा आयोगामार्फत भरले जाणारे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचे पद, असे तीन मार्ग आहेत. पहिले बहुधा कंत्राटी असते, पण शिकायला सर्वाधिक तेथेच मिळते. पदवीच्या पहिल्या सुट्टीत घरी याल, तेव्हा गावच्या अंगणवाडी सेविकेबरोबर मुलांची वजने घ्यायला बसा आणि आपल्याकडे भादल्यापासून मोरापर्यंतच्या भरडधान्यांपैकी कोणते धान्य कोणत्या महिन्यात संपते, याची नोंदवही ठेवा.