पहिला ऑनलाइन सर्व्हे करताना

भावा, पाचजण मिळून कोल्हापूर जिल्ह्याचा निवडणूक सर्व्हे करताय, वाचून मनापासून बरं वाटलं. सुरुवातीला मोजकंच सांभाळ.

नव्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे लिंक फक्त आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरवणं. मग कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीतली मित्रमंडळीच भरभरून उत्तरं देतात; गगनबावडा, चंदगड, आजरा कोरे राहतात. नुसता आकडा मोठा असून भागत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या 'लिटररी डायजेस्ट' मासिकाकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती, तरी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार हा त्यांचा अंदाज साफ चुकला. उत्तरं देणारेच एका बाजूचे होते. म्हणून बाराही तालुके आपसांत वाटून घ्या. बायका, म्हातारी माणसं, शेतमजूर यांची उत्तरं किती आली, हे रोज बघा. स्मार्टफोन नसलेले सुटतात, ते निकालासोबत स्पष्ट लिहा.

आणखी तीन गोष्टी:
- प्रश्न सगळ्यांना शब्दशः एकच. 'पंचगंगा घाण ठेवणाऱ्यांना मत द्याल का?' असं विचारलंत की उत्तर तुम्हीच दिलंत.
- नाव, मोबाइल नंबर मागू नका. मत गुप्त असतं, लोक बिचकतात.
- आलेल्या उत्तरांची एक प्रत कुणीही हात न लावता जपा.

मतदानाच्या काळात एक्झिट पोल (मत देऊन आलेल्यांना विचारून काढलेला अंदाज) प्रसिद्ध करायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार बंदी आहे, तिकडे अजिबात वळू नका.

उत्तरांना वजन देण्याचं, म्हणजे कमी आलेल्या गटांची उत्तरं जास्त धरून तोल साधण्याचं गणित पुढच्या वेळी. आधी वीस अनोळखी माणसांकडून फॉर्म भरून घे आणि ती कुठं अडखळली ते मला कळव.