'रंगीबेरंगी'मधला 'बे' करतो तरी काय?

प्रश्न : सर नमस्कार, मी वेंगुर्ल्याची. माझी मुलगी पाचवीत आहे. शाळेत चतुर्थीवर निबंध लिहायचा होता तर तिने लिहिलं 'आमची माटवी रंगीबेरंगी होती' (माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगतो ती फळाफुलांची चौकट), आणि पुढे परत तोच शब्द. मी म्हटलं अगं दुसरा घाल काहीतरी, तर तिने एका ठिकाणी 'चित्रविचित्र' लिहिलं आणि एका ठिकाणी 'रंगेल'. रंगेल वाचून घरात सगळे हसले, चित्रविचित्रवर बाईंनी लाल रेघ मारली, पोरगी हिरमुसली. वर तिनेच मला विचारलं की आई, बेचव म्हणजे चव नाही, बेसूर म्हणजे सूर नाही, मग रंगीबेरंगीत बेरंगी कशाला? मला काही उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा, आणि दुसरे कुठले शब्द चालतील तेही सांगा.

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे लेकीला सांगा की चित्रविचित्र लिहिण्यात तिचं फार काही चुकलेलं नाही. संस्कृतात 'चित्र' शब्दाचा एक अर्थच मुळी अनेक रंगांचं, ठिपक्यापट्ट्यांचं असा आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात एकाच ओळीत असे सहा शब्द दिलेत, चित्र, किर्मीर, कल्माष, शबल, एत आणि कर्बुर. चितळ हे नाव 'चित्रल'वरून आलं, चित्ता 'चित्रक'वरून, दोघांच्याही अंगावर ठिपके. आणि कर्बुर वाचायला जड वाटतो पण तो तर आपल्या अंगणातच आहे, काबरं मांजर, काबरी कोंबडी म्हणतो ना, ते काबरं तिथूनच आलं. फक्त मराठीत चित्रविचित्र हळूहळू 'विचित्र'कडे झुकला, आज कुणाचे कपडे चित्रविचित्र म्हटले तर त्यात कौतुक कमी आणि नाक मुरडणं जास्त, म्हणून माटवीला तो आता शोभत नाही. बाईंची रेघ त्यासाठीच असणार, पण रेघेशेजारी दोन शब्द लिहून दिले असते तर बरं झालं असतं.

आता 'बे'. मुलीचा प्रश्न मला फार आवडला, कारण रोज वापरतो तो शब्द असा उलटून बघणं मोठ्यांनाही सुचत नाही. बेचव, बेसूर, बेवारस यातला 'बे' फारसीतून आलाय, नाही किंवा वाचून असा त्याचा अर्थ. 'रंगाचा बेरंग झाला' म्हणतो तिथे तोच आहे. पण रंगीबेरंगीत तो नकार देतच नाही. उर्दूत 'रंग-ब-रंग' असा शब्द आहे, दिन-ब-दिन सारखा, रंगाला लागून रंग. मला तरी आपल्या शब्दाचं कूळ तिकडचंच वाटतं, आणि आपल्या कानाला जोडीचे शब्द आवडतातच, शेजारीपाजारी, उरलंसुरलं, बारीकसारीक. नुसता 'पाजारी' कुणी बघितलाय का? तसंच हे, जोडीत आला की बेरंगीचा रंगहीनपणा निघून जातो.

रंगेल मात्र माणसालाच लावतात, तोही मौजमजेत आणि बायकांत रमणारा, त्यामुळे माटवी रंगेल म्हटलं की हसू येणारच, त्यात पोरीचा दोष नाही, रंगीत, रंगीन, रंगेल हे कानाला सख्खे भाऊच वाटतात. 'रंगीत' म्हणजे रंग दिलेलं, एकच रंग असला तरी चालतं, रंगीत कागद, रंगीत टीव्ही. नाटकाची 'रंगीत तालीम' म्हणजे सगळा साज चढवून केलेली शेवटची. आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकाला ती लागत नाही, नट आपला चेहरा आपणच रंगवतो, आख्यान काय ते ठरतं आणि संवाद उभ्याउभ्या सुचतात.

'विविधरंगी' चालेल, पण तो छापील वाटतो, बोलताना कोण म्हणतं? 'बहुरंगी' आणि 'पंचरंगी' हे चांगले शब्द निवडणुकीने पळवले, दुरंगी लढत, तिरंगी लढत, तिथे रंग म्हणजे उमेदवार. 'सप्तरंगी' इंद्रधनुष्याला ठेवा. आणि 'नवरंग' हा पक्षी लेकीला दाखवा, पावसाच्या तोंडावर कोकणात येतो, दोन सुरांची शीळ घालतो, नावातच त्याचे रंग मोजलेत.

शिवाय रंग म्हणजे दरवेळी डोळ्याला दिसणारा रंग असतो असं नाही. दर्याचा रागरंग बघून होडी घालतात तिथे रंग म्हणजे लक्षण. बैठक जमली की घरातली म्हातारी माणसं म्हणतात 'आज भजनाक रंग चडलो', तिथे रंग म्हणजे मजा. रंग दाखवणं म्हणजे खरा स्वभाव बाहेर पडणं. हे सगळं तिला सांगा, पण एकदम नको.

आता निबंधाचं. मला विचाराल तर तिने दुसरं विशेषण शोधूच नये. मी एका घरी चतुर्थीला माटवीखाली मान वर करून बराच वेळ उभा होतो. कवंडळाची लाल फळं, हिरव्या सुपाऱ्यांचा घोस, हरणाची पिवळी फुलं, मधे नारळ, आणि शेरवडाची ती पांढरी पानं, जी खरं तर पानं नाहीतच, बारीकशा केशरी फुलाच्या खाली जो हिरवा भाग असतो त्यातलीच एक पाकळी वाढून पानाएवढी झालेली असते. एवढं लिहिलं की रंगीबेरंगी शब्द एकदाही नको, वाचणाऱ्याला माटवी दिसते.

आणि तेरडा विसरू नका. गौरीला आणतात तो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण टिकत नाही त्या गोष्टीला म्हणतो, गौरही तीनच दिवसांची. पण सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तो गुलाबी, जांभळा, पांढरा असा सगळा फुलतो, तेव्हा तुमच्या घरच्या गौरीचा तेरडा कुठल्या रंगाचा होता ते तिला आठवायला सांगा, आणि निबंधाची पहिली ओळ तीच करू दे.