गल्लीच्या तोंडाला दोरी कुणी बांधायची?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी तुमची अडचण थोडक्यात सांगते आणि मग उत्तराकडे येते.

पुण्याच्या एका उपनगरातली ह्यांची गल्ली, तीसेक घरं, पोरांना खेळायला जवळपास मैदान नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधायची, रिकामे ड्रम आडवे लावायचे आणि गाड्या बंद. मग लगोरी, डबा ऐसपैस, रांगोळ्या, आजीआजोबा खुर्च्या टाकून बसलेले. तीन महिने छान चाललं. चौथ्या वेळी कोपऱ्यावरच्या घरातल्या गृहस्थांना आईला डायलिसिसला न्यायचं होतं, ड्रम हलवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली, दोरीपाशी उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाशी त्यांची बाचाबाची झाली, त्यांनी ११२ ला फोन लावला. आता ताईंना, शेजारच्या काकांना आणि त्या मुलाला पोलिसांची नोटीस आलीये, भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आणि १२६(२). मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. ताई विचारतायत की आमच्याकडे पोलीस स्टेशनच्या शिक्क्याची परवानगी होती, मग आम्ही गुन्हेगार कसे? आणि सगळे म्हणतायत की कोर्टात गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा, तर तसं करू का?

करू नका. हे सगळ्यात आधी सांगते कारण ह्यात त्या मुलाचं नुकसान आहे. कलम २८५ म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर कुणाला अडथळा किंवा धोका होईल असं काही करणं, त्याला शिक्षा फक्त दंडाची, पाच हजारांपर्यंत (जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड संहितेत, हेच कलम २८३ होतं आणि दंड दोनशे रुपये होता, म्हणून लोकांच्या डोक्यात अजून ‘किरकोळ आहे’ असं बसलंय). १२६(२) म्हणजे माणसाला त्याच्या वाटेने जाऊ न देणं, त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रक्कम छोटी आहे, पण कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरला की ती शिक्षाच असते हो. तुम्हाला आणि काकांना त्याने कदाचित फरक पडणार नाही, पण त्या पोराला उद्या भरतीच्या वेळी फॉर्ममध्ये ‘कधी दोषी ठरलात का’ ह्या रकान्यापुढे ‘होय’ लिहावं लागेल. तेही दहा मिनिटं वाचवायला कुणीतरी दिलेल्या सल्ल्यामुळे.

नोटिशीला घाबरायचं कारण नाही. ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस आणि कोर्टाची कार्यपद्धती सांगणारा कायदा) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस आहे, अटकेची नाही. दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत. दिलेल्या तारखेला तिघंही जा, पोच घ्या. गेलात आणि सहकार्य केलंत तर साधारणपणे अटक करता येत नाही, करायचीच म्हटलं तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. न जाणं मात्र महागात पडेल, तेव्हा ‘बघू नंतर’ असं करू नका. जायच्या आधी एफआयआर झालाय का ते बघा, महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर प्रत मिळते, ती डाउनलोड करून जवळच्या वकिलाला दाखवा. जबाबात जे झालं ते सरळ सांगा, दोरी कुणी बांधली, ड्रम हलवायला किती वेळ लागला, का लागला. मुलाने शिवीगाळ केली नसेल तर तेही स्पष्ट सांगा. सीसीटीव्हीचं फुटेज असेल तर आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा, बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

आता ती परवानगी. तुम्ही कागदाचा फोटो पाठवलात, बरं केलंत, कारण तो ध्वनिक्षेपकाचा परवाना आहे. त्यात वेळ लिहिलीये, आवाजाची मर्यादा लिहिलीये, ‘रहदारीस अडथळा होणार नाही याची दक्षता घ्यावी’ अशी अटसुद्धा लिहिलीये. म्हणजे ज्या कागदाच्या भरवशावर तुम्ही रस्ता बंद केलात तोच कागद रस्ता अडवू नका म्हणतोय. ही चूक एकट्या तुमची नाही, मी वर्षानुवर्षं बघत आलेय, मंडळं असोत, सोसायट्या असोत, वाढदिवसाचा मांडव असो, स्पीकरचा कागद मिळाला की सगळ्यांना वाटतं सगळीच परवानगी मिळाली. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तीन वेगळी माणसं त्या देतात. स्पीकर पोलीस स्टेशन देतं. रस्त्यावर मांडव किंवा स्टेज घालायचं असेल तर महापालिका देते, पोलिसांची सहमती घेऊन, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २३४. आणि गाड्या थांबवायच्या असतील तर तो अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली आहे, पुण्यात तो वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त वापरतात. गणपतीत किंवा पालखीच्या वेळी पेपरात ‘वाहतुकीत बदल’ म्हणून येतं ना, अमुक चौक ते तमुक चौक बंद, फायर ब्रिगेड, पोलीस वाहने, रुग्णवाहिका वगळून, ते हेच.

तुमच्या प्रकरणातला मुद्दा सगळा इथेच आहे. रस्ता बंद करणं बेकायदा नाहीये, तो तुम्ही बंद करणं बेकायदा आहे. ११ डिसेंबर २०२१ ला पुणे महापालिकेने पादचारी दिन केला तेव्हा लक्ष्मी रोड, नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत, गाड्यांना बंद होता आणि लोक मधोमध चालत होते. मुंबईत २०२२ च्या मार्चपासून खुद्द पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट’ सुरू केलं, नरिमन पॉइंट, वांद्र्याचा कार्टर रोड, मुलुंड, विक्रोळी, रविवारी सकाळी पोरं स्केटिंग करतायत, कुणी योगा करतंय, कुणी नुसतंच बसलंय. तुम्ही केलंत त्यापेक्षा हे काही फार वेगळं नाही. पण तिथे बॅरिकेड लावायचा अधिकार ज्यांना होता त्यांनी ते लावलं, आधी जाहीर करून, पर्यायी रस्ता सांगून. तुमच्याकडे दोरी धरून एक विशीतलं पोरगं उभं होतं आणि त्याच्या हातात कुठलाच आदेश नव्हता. त्यामुळे समोरच्या माणसाने ‘तू कोण मला अडवणारा’ विचारलं तर कायद्यात त्याच्याकडे उत्तर नाही.

तुमचा राग मला कळतो. तुम्ही लिहिलंय की गल्लीत रोज दोन्ही बाजूंना गाड्या लावतात, पोरांना चालायला जागा नसते, तेव्हा अडथळा होत नाही आणि महिन्यातून अडीच तास पोरं खेळली की लगेच अडथळा! बरोबर आहे तुमचं. रस्ता गाड्यांच्या मालकीचा नाही. १९५४ मध्येच सगीर अहमद खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सार्वजनिक रस्ते सरकार जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं, आणि हिंमतलाल शहा खटल्यात (निकाल १९७२ चा, अहमदाबादचं प्रकरण) रस्त्यावर सभा घ्यायला सरसकट बंदी घालता येत नाही, नियमन मात्र करता येतं असं सांगितलं. म्हणजे लोकांनी रस्त्यावर एकत्र येणं ह्यात गैर काही नाही. पण त्याच न्यायाने तो रस्ता त्या कोपऱ्यावरच्या गृहस्थांचाही आहे. आपल्या हायकोर्टाने २०१५ मध्ये डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेत मांडवांबद्दल हेच म्हटलं, रस्त्यावर मांडव घालणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, उलट नीट रस्ते आणि फुटपाथ मिळणं हा लोकांच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग आहे. आणि डायलिसिसची वेळ चुकणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना विचारा, मशीनचा स्लॉट गेला की पुढचा कधी मिळेल सांगता येत नाही. ह्या बाबतीत मी त्या गृहस्थांच्या बाजूने आहे, आणि तुम्हीही मनातून असाल, कारण तुम्हीच लिहिलंय की त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून माझा खरा सल्ला असा की नोटिशीच्या तारखेच्या आधी त्यांच्या घरी जा. सगळी गल्ली घेऊन नाही, वकील घेऊन नाही, तुम्ही, काका आणि तो मुलगा, तिघंच. त्यांच्या आईची, म्हणजे त्या काकूंची, तब्येत विचारा आणि चुकलं म्हणा. ह्यात कायद्याचाही फायदा आहे, तो वेगळा सांगते: १२६(२) हा तडजोड होऊ शकणारा गुन्हा आहे, ज्याला अडवलं त्याने मान्य केलं तर कोर्टात तो तिथेच मिटतो. २८५ तसा मिटत नाही, कारण तो एका माणसाविरुद्ध नाही, सार्वजनिक रस्त्याबद्दल आहे. पण फिर्यादीची तक्रार उरली नसेल तर हायकोर्टाकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करायची विनंती करता येते आणि अशा शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या प्रकरणात त्यांच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र खूप उपयोगी पडतं. फक्त त्यांच्यावर दबाव आला असं दिसता कामा नये, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं गेलंय ते आजच थांबवा. ते मेसेजेस कोर्टात पुरावा होतात.

मुलाबद्दल अजून एक. नुसती केस असली म्हणजे नोकरी गेली असं नसतं. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ह्याच विषयावर नीट मार्गदर्शन केलंय, किरकोळ गुन्हा असेल, तरुण वयातली गोष्ट असेल तर नेमणूक करणाऱ्याला ते सोडून देता येतं. पण माहिती लपवली तर ती लपवणंच अंगाशी येतं. त्याला सांगा की साक्षांकन नमुन्यात (नोकरीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) विचारलं असेल ते खरं लिही, केस चालू असेल तर चालू म्हणून लिही, रद्द झाली असेल तर निकालाची प्रत जोड. ‘कुणाला कळतंय’ म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकू नकोस म्हणावं.

दंडाच्याच शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्टाने दखल घ्यायला सहा महिन्यांची मुदत असते असं तुमच्या भावाने सांगितलं, ते २८५ पुरतं खरं आहे, पण सोबत १२६(२) आहे म्हणून ती एक वर्ष धरली जाईल. आणि मुदत संपायची वाट बघत बसणं हा काही बचाव नाही.

आता पुढच्या रविवारचं. परवानगी हातात येईपर्यंत दोरी बांधू नका, एकदाही नाही. जवळच्या शाळेला मैदान मागा तोपर्यंत. दरम्यान महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तुमची गल्ली महापालिकेच्या ताब्यात आलीये की अजून लेआउटचा खाजगी रस्ता आहे ते लेखी विचारा. खाजगी निघाली तरी तिथल्या घरमालकांचा जायचा-यायचा हक्क राहतोच, फक्त मग निर्णय सभासदांच्या बैठकीत करता येतो. सार्वजनिक असेल, आणि बहुतेक असेलच, तर वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या नावाने अर्ज करा, निदान महिनाभर आधी. कलम ११५ मध्ये एक सोय आहे जी फार लोकांना माहीत नसते, बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध करायची गरज नाही, स्थानिक पातळीवर लोकांना कळवलं की पुरतं. म्हणून वर्षभराचं एकदम मागू नका, प्रत्येक रविवारचा आदेश वेगळा मागा, अधिकाऱ्यालाही सही करणं सोपं जातं. अर्जाला हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा, कुठून कुठपर्यंत, गाड्या कुठून वळतील, कुठल्या घरात पेशंट किंवा एकटं राहणारं म्हातारं माणूस आहे. गल्लीतल्या प्रत्येक घराची सही घ्या, ज्यांचा विरोध असेल त्यांचं म्हणणंही लिहा, ते लपवलेला अर्ज पुढे टिकत नाही. आणि रहिवाशांच्या गाड्या चालण्याच्या वेगाने आत-बाहेर करू शकतील, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन कधीही, असं तुम्ही स्वतःहून लिहा. ड्रम नकोत, एका हाताने सरकेल असं हलकं बॅरिकेड ठेवा आणि तिथे मोठं माणूस उभं करा, पोरांना नाही.

कोजागरीचं विचारलंत, की दरवर्षी रात्री बारापर्यंत गल्ली बंद असते आणि आजवर कुणी काही बोललं नाही. न बोलल्याने हक्क तयार होत नाही ताई, त्याला पण हाच अर्ज लागेल. आणि स्पीकर रात्री दहाला बंद, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्या यादीत ती तारीख आहे का ते पोलीस स्टेशनमध्ये विचारून घ्या. दूध आटवायला आणि गाणी म्हणायला स्पीकर लागत नाही.

अर्जाचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी बघून देईन. तारीख गुरुवारची आहे म्हणालात, म्हणजे त्यांच्याकडे मंगळवारी संध्याकाळी जा, फक्त आधी विचारून घ्या की त्या दिवशी काकूंचं डायलिसिस नाही ना, त्या दिवशी माणूस फार थकलेलं असतं.